डिकीत बसलेला माणूस

११ मार्च २०१६

दादा,

साष्टांग नमस्कार. लांबूनच घालतो. जवळ असतो तर तू पाय मागे घेतले असतेस.

माझा फोन आला की तू उठून गॅरेजकडे निघतोस, हे वहिनींनी सांगितलंय. दीड वर्ष झालं. मी न सांगता निघून आलो म्हणून तू बोलत नाहीस, आणि तुझ्या जागी मी असतो तर मीही बोललो नसतो. पण फोन ठेवून देता येतो, पत्र ठेवून दिलं तरी घरातच राहतं. शिवाय चष्म्याशी तुझं पहिल्यापासून वाकडं. म्हणजे हे वहिनी मोठ्याने वाचणार आणि तू ऐकत नसल्याचं सोंग करून ऐकणार. माझं तेवढ्यावर भागेल. तुझा एक शब्द ऐकायला मिळाला तर काय होईल ते मात्र मला सांगता येत नाही.

बातमी अशी की मी गाडी घेतली. थांब, वहिनींना पेढे आणायला पाठवू नकोस. विकत नाही घेतली. लीजवर घेतली. म्हणजे गाडी त्यांची, चालवायची आपण. दर महिन्याला हप्ता भरायचा आणि मुदत संपली की जशी नेली तशी परत आणून उभी करायची. तू म्हणशील, मग सरळ भाड्याची म्हण ना. तर भाड्याचीच, पण रुबाब जावयाचा.

हौस म्हणून नाही घेतली. माझी पाळी पहाटे पाचला सुरू होते आणि त्या वेळी कारखान्याकडे एकही बस जात नाही. इतके दिवस एकाच्या गाडीत मागे बसून जायचो. त्याची बदली झाली.

लीजच्या ऑफिसात एक बाई होती. माझा पासपोर्ट, कामाचा परवाना, इथलं लायसन्स, सगळं तिच्यापुढे मांडलं. (लायसन्सच्या परीक्षेत मी पहिल्यांदा नापास झालो. परीक्षक म्हणाला, तुम्ही रस्ता बघत नाही, इंजीन ऐकत बसता.) बाईने कॉम्प्युटरवर माझं नाव घातलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "तुमची इथे कुठेच काही नोंद नाही. तुम्ही कधी काही घेतलंच नाही, तर परत करता की नाही हे आम्हाला कळणार कसं?" मला हसू आलं. आपल्या गावातल्या निम्म्या गाड्या मला अंगाखांद्यावरून ओळखतात, आणि इथे मी जन्मलोच नव्हतो.

शेवटी कारखान्याचं पत्र कामी आलं. आमच्याकडे फ्रिजचे दरवाजे बनतात. मी सुती हातमोजा घालून पत्र्यावरून तळवा फिरवतो आणि कुठे उंचसखल असेल तर सांगतो. यंत्र आहे, पण यंत्राच्या हातून सुटलेलं मला लागतं. साहेबाने पत्रात तेवढंच लिहिलं होतं: हा माणूस हाताने पत्रा वाचतो, वर्षभरात एकदाही चुकला नाही. बाईने ते दोनदा वाचलं. मग माझ्या परवान्याची तारीख बघितली. लीज दोन वर्षांचं आणि परवाना त्याआधी महिनाभर संपणारा. मी उठायलाच निघालो होतो. ती म्हणाली, "मग तेवीस महिन्यांचं करू या," आणि केलं. दादा, मी थक्क झालो. ना ओळख, ना पाळख, आणि या बाईने माझ्या हातात किल्ली ठेवली.

मागच्या अंगणात गाडी उभी होती. सीटवरचं प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. नऊ किलोमीटर चाललेली. मी आधी दार उघडलं नाही. मागच्या चाकावरच्या पत्र्यावर तळवा ठेवला आणि डिकीपर्यंत नेला. काहीच लागलं नाही. एक खड्डा नाही, एक टेंगूळ नाही, कुणाची हातोडी नाही. वीस वर्षं आपण गाड्यांना हात लावला, पण आपल्याकडे येणारी प्रत्येक गाडी रडत आलेली असायची. पत्रा सुखात असला की कसा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. तू तिथे हवा होतास. तुझा तळवा माझ्यापेक्षा हुशार.

बाईने पुन्हा बजावलं, कुठे काही लागलं तर आम्हाला कळवायचं, आमच्याच कारखान्यात दुरुस्त होईल, स्वतः हात लावायचा नाही. मी मान डोलावली. दूध राखायला मांजरालाच बसवलं, हे तिला कोण सांगणार?

तुझा,
धाकटा


२८ ऑगस्ट २०१६

दादा,

नमस्कार. मागचं पत्र ऐकल्यावर तू भिंतीकडे बघून "रंग कुठला ते लिहिलं नाही गधड्याने" असं म्हणालास, हे वहिनींनी कळवलं. भिंतीने मला निरोप पोचवला असं समजतो.

रंग निळा. पण नुसता निळा म्हटलं तर तुला राग येईल. तिन्हीसांजेला आभाळ काळं पडायच्या थोडं आधी असतं तसा, आणि आत बारीक चमक. आपल्याला कालवायला दिला असता तर चार दिवस गेले असते आणि पाचव्या दिवशी तू मला हाकललं असतंस.

मी रोज साडेचारला निघतो. घराच्या गल्लीतून बाहेर पडलं की दोन सिग्नल, मग एक लांब पूल, मग सरळ रस्ता. उन्हाळ्यात पुलावर असतानाच उजेड यायला लागतो. आजूबाजूला शेकडो गाड्या सारख्या वेगाने चाललेल्या असतात आणि कुणी कुणाला हॉर्न देत नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, काही अशुभ घडलंय. आता सवय झाली, तरी रोज त्या पुलावर माझ्या अंगावर काटा येतो. एवढं लोखंड, एवढा वेग, आणि सगळी माणसं मुकाट्याने एकमेकांना सांभाळून घेतात.

आपल्या घरची धाकटी सून मागाहून माझ्याकडे आली ते तुला ठाऊक आहेच. ती गाडीत बसली की चपला काढून हातात धरते. मी सांगून थकलो. म्हणते, दुसऱ्याची वस्तू आहे, पायाचे डाग पडले तर?

तुझं बोलणं अजून भिंतीशीच चाललंय. चालू दे. मी त्या दिवशी घाईत निघालो, एवढंच सांगतो. बाकीचं पुन्हा कधीतरी लिहीन.

तुझा,
धाकटा


१५ ऑक्टोबर २०१७

दादा,

नमस्कार. हे पत्र वहिनींनी सावकाश वाचावं आणि तू शेवटपर्यंत बसावं, ही विनंती.

महिन्यापूर्वी मी गाडी ठोकली. दुसऱ्या कुणाला नाही, आमच्याच इमारतीच्या खांबाला. गाडीत मागचं दाखवणारा पडदा आहे, तो बघत मागे घेत होतो. खांब बाजूला होता. उजव्या मागच्या चाकावरचा पत्रा वाटीएवढा आत गेला. रंग फुटला नाही. मी खाली उतरून बघितलं आणि मला रडू आलं. चाळीस उलटलेला माणूस, खांबाशी उभा राहून रडतोय.

लीजवाल्या बाईला फोन केला. ठोकली असं सांगितलं नाही. "समजा एखाद्याच्या गाडीला इथे इथे खड्डा पडला, तर काय करता?" असं विचारलं. ती म्हणाली, तेवढा पत्रा कापून काढतात आणि नवीन जोडतात. कापून! वाटीएवढ्या खड्ड्यासाठी! ठेच लागली म्हणून पाय कापायचा? आता समजूतदार माणसाने काय करावं, तर गुमान गाडी नेऊन द्यावी. पण आपल्या घरात समजूतदार माणूस म्हणजे एकट्या वहिनी. मी रविवारी सकाळी गाडी घराच्या मागच्या मोकळ्या जागेत लावली, डिकीचं अस्तर काढलं, कारखान्याच्या भंगारातून आणलेल्या सळईला कापड गुंडाळलं, आणि धाकटीला म्हणालो, चल, मदत कर.

तुला आठवत असेल, आपल्याकडे आत नेहमी तू बसायचास. मी बाहेर. बाहेरच्याने रेघा मारलेल्या पुठ्ठ्याचं पत्र्यात पडलेलं प्रतिबिंब बघायचं, रेघ वाकली तिथे हातोडीने एक टक मारायची. आतल्याने तिथे दाबायचं. रेघ सरळ झाली की बाहेरच्याने दोन टक मारायच्या, मग आतल्याने सोडायचं. दोन टक येईपर्यंत दाब सोडायचा नाही, हा नियम तुझाच. मला वीस वर्षं वाटत आलं, खरं काम माझं. डोळे माझे, तू नुसता दाबतोस. खोटं कशाला बोलू, गिऱ्हाइकांसमोर मी तसं म्हणालोही आहे.

या वेळी आत मला बसावं लागलं, कारण धाकटीच्या हातात दाबायचा जोर नाही. पुठ्ठ्यावर काळ्या रेघा मारून तिच्या हातात दिला. मी डिकीत शिरलो, डावा पाय पोटाशी घेतला, मान वाकडी केली. आणि दादा, आत काही दिसत नाही रे. पत्र्याची मागची बाजू नुसती करडी आणि खरखरीत. खड्डा कुठे, उंच कुठे, काही कळत नाही. पत्र्याला हात लावून बसायचं आणि बाहेरून टक यायची वाट बघायची. टक आली की तेवढी एक जागा कळते. पुढची टक येईपर्यंत पुन्हा अंधार. तू वीस वर्षं असा बसायचास. आणि तुझ्या हातून एक पत्रा कधी वाकडा निघाला नाही. माझं तोंड उघडंच राहिलं. इतकं मोठं काम माझ्यापासून वीतभर लांब चाललं होतं आणि मी बाहेर शीळ घालत उभा असायचो.

तास झाला असेल. काम निम्म्यावर आलं. धाकटीने एक टक मारली, मी दाब दिला. दुसरी टक येईना. मी दाबून धरलं. येईना. हाक मारली, ती आतल्या आत घुमली. मनात नाही नाही ते आलं. मग पत्रा जास्त वाकेल म्हणून मी सळई सैल केली आणि तसाच पडून राहिलो. चारेक मिनिटांनी ती आली. गॅसवर दूध होतं, उतू जाईल म्हणून धावत गेली होती.

चार मिनिटं, दादा. तुझा अर्धा तास होता.

आता सांगतो. त्या दिवशी मी घाईत नव्हतो. टॅक्सी यायला वेळ होता. एजंटने तारीख दिल्यापासून मी तीनदा तुला सांगायला आलो आणि तीनदा चहा पिऊन परत गेलो. तू नको म्हटलं असतंस तर मी भांडलो असतो आणि निघालो असतो. पण तू काहीच बोलला नसतास, नुसता हातोडी पुसत बसला असतास, आणि मग माझा पाय निघाला नसता. म्हणून मी ती वेळ निवडली. तू त्या पांढऱ्या गाडीच्या डिकीत होतास. मी बाहेरून एक टक मारली. तू दाबायला लागलास. मी हातोडी खाली ठेवली आणि चालायला लागलो. तू कामात राहावास म्हणून मुद्दाम मारली होती ती टक. तिथे खड्डाच नव्हता.

तू किती वेळ दाबत बसलास, त्या पत्र्याला बाहेर केवढं टेंगूळ आलं, गाडीच्या मालकाने सगळ्यांसमोर तुला काय काय ऐकवलं, हे वहिनींनी मला नंतर सांगितलं. तुझ्या हातून बिघडलेला तो एकच पत्रा, आणि तोही तू नाही, मी बिघडवला.

धाकटी आली नाही तेव्हा मी दाब सोडला. माझा तिच्यावर तेवढा भरवसा नव्हता. तू सोडला नाहीस. तुझा माझ्यावर होता. एवढ्या भरवशाचं मी काय केलं, हे त्या डिकीत मला कळलं आणि मी किती तरी वेळ बाहेरच आलो नाही. माझं चुकलं, दादा. माफ कर असं म्हणायलाही लाज वाटते, तरी म्हणतो.

खड्डा निघाला. रेघा सरळ आल्या.

धाकटा


१० फेब्रुवारी २०१८

दादा,

नमस्कार. मागचं पत्र तू अर्ध्यात उठून गेलास, असं वहिनी म्हणाल्या. डिकीपर्यंत ऐकलंस आणि चप्पल घालून बाहेर पडलास. त्यानंतर मी चार महिने लिहिलं नाही. माझ्यापाशी आणखी काही सांगण्यासारखं उरलं नव्हतं. पण आज जे झालं ते तुला नाही सांगितलं तर मला जेवण जाणार नाही.

परवाना वाढवून मिळालाय, पण हे लीज संपलं. आज गाडी परत दिली. परत घेताना एक तपासनीस येतो. त्याने शेरा वाईट दिला की पुढची गाडी विसरायची, आणि गाडी नाही तर पहाटेची पाळी नाही. ज्याला हात लावायचा नाही असं बजावलं होतं, त्याला मी हात लावलेला. रात्रभर धाकटीने मला एकच सांगितलं, "काही बोलू नका. विचारलं तरच बोला."

तपासनीस म्हातारा होता, निवृत्तीला आलेला. हातात पत्र्यावर रेघा पाडणारा दिवा. त्याने बोनेटपासून सुरुवात केली. दारं बघितली, काचा बघितल्या. मागच्या उजव्या पत्र्यावर दिवा धरला, पुढे नेला, मागे आणला आणि डिकीकडे गेला. सुटलो! आता तिथून निमूट निघावं की नाही? पण मला राहवेना. एवढं काम, आणि कुणाला दिसलंच नाही? हा मूर्खपणा फक्त आपल्या रक्तात आहे. मी म्हणालो, "साहेब, तिथे खड्डा होता."

तो म्हणाला, "कुठे?"

मी बोट ठेवलं. त्याने दिवा पुन्हा धरला, आडवा, उभा, तिरका. मग दिवा खाली ठेवला, डोळे मिटले आणि तळवा फिरवला. दादा, आपल्यासारखाच, बोटं उचललेली, तळव्याची टाच टेकलेली. त्याने दोनदा फिरवला. मग आतून तिघांना हाक मारली. त्यांनीही हात फिरवले. रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणलं, तेही गप्प. चार माणसं गाडीच्या एका कोपऱ्याशी ओणवी उभी. देवळात उभी असल्यासारखी.

म्हाताऱ्याने विचारलं, "हे कुठे शिकलात?"

मी म्हणालो, "भावाकडे."

"तो अजून करतो?"

"करतो. एकट्याने."

तो माझ्याकडे बघत राहिला. हे काम एकट्याने नीट होत नाही, हे त्याला माहीत होतं. मी विचारलं, "आता शेऱ्यात काय लिहिणार?" तो म्हणाला, "जे सापडतं ते मी लिहितो. जे सापडलं नाही ते कसं लिहू?" आणि त्याने सही केली. दुसऱ्या गाडीचे कागद त्या बाईने तिथेच पुढे केले.

ती चार माणसं माझ्या कामापुढे नाही, तुझ्यापुढे ओणवी झाली होती. तुला कळवावं म्हणून लिहिलं. उत्तराची आता वाट बघत नाही.

धाकटा


१४ मार्च २०१८

सौ. वहिनींना नमस्कार.

हे पत्र तुमच्या नावाने आहे आणि मोठ्याने वाचू नका.

परवा दुपारी तुम्ही भाजी आणायला गेला होतात ना, तेव्हा आपल्या घरून मला फोन आला. मी जेवणाच्या सुट्टीत होतो. मला वाटलं तुम्हीच. हॅलो म्हटलं. मग आवाज आला, "मी बोलतोय."

वहिनी, मी बाकावरून उठून उभाच राहिलो.

"आत तू बसला होतास?" दादाने विचारलं. नमस्कार नाही, कसा आहेस नाही.

"हो."

"उजवीकडच्या पत्र्याला?"

"हो."

"मग डावा पाय आखडला असेल."

"दोन दिवस सरळ होत नव्हता," मी म्हणालो.

तो मग म्हणाला, "माझाही आखडला होता त्या दिवशी. तुझ्या वहिनीने ओढून बाहेर काढलं."

साडेतीन वर्षांत तक्रार म्हणून तो एवढंच बोलला. मी म्हणालो, "दादा, माझं चुकलं."

"लिहिलंयस ते. वाचलं मी."

"तू वाचलंस?"

"मग काय भिंत वाचणार? उठून गेलो म्हणून काय झालं, पत्र घरातच होतं. ही झोपली की काढायचो. तीन दिवस लागले. मुंग्या चालल्यासारखं अक्षर तुझं. मोठं काढत जा." आणि फोन ठेवला.

जेवणाचा डबा तसाच राहिला. मी हातमोजा घालून कामाला गेलो आणि पहिले दोन दरवाजे मला वाचताच आले नाहीत. डोळे भरले होते असं म्हणणार होतो, पण मी तर हाताने वाचतो. ते दोन्ही परत मागवून पुन्हा वाचले.

त्याने तुम्हाला सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो. तुम्ही त्याला काही विचारू नका. आणि यापुढे माझं पत्र आलं तर उघडू नका. अक्षर मोठं असेल. त्याच्या हातात द्या, आणि भाजी आणायला जा.

तुमचा,
धाकटा